काठाचा जीर्णोद्धार
हॅमंड्सपोर्ट नामक एका लहानशा गावाची हकीकत

दुष्काळ एका हंगामाचा असतो, मंदी दोन-तीन वर्षांची असते. परंतु मालाची वाट एकदा बदलली म्हणजे ती बहुधा परत फिरत नाही. व्यापारी मनुष्याला सर्वांत अधिक धास्ती असते ती याच गोष्टीची. बेळगाव प्रांतातील कापूस व धान्य एके काळी बैलगाड्यांवर लादून सह्याद्रीचा घाट उतरत असे आणि वेंगुर्ले बंदरातून गलबतांवर चढत असे. सन १८८८ च्या सुमारास मार्मागोव्याचा लोहमार्ग देशावरील लोहमार्गास जोडला गेला आणि वेंगुर्ल्याची ती उलाढाल ओसरली. गाड्यांचे तळ मोडले, वखारींना कुलपे लागली. यात कोणाचा अपराध नव्हता; माल नेहमीच स्वस्त व सुलभ वाटेने जातो, हा त्याचा धर्मच आहे.

पेठ उठली तरी काठ मात्र राहतो. पाणी तेथेच असते, घाटाच्या पायऱ्या तेथेच असतात, रिकाम्या वखारींच्या भिंती तेथेच उभ्या असतात. अशा काठाचे पुढे काय करावे, हा प्रश्न जगातील शेकडो लहान गावांपुढे उभा राहिला आहे. त्यांपैकी ज्या एका गावाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या इतिहासातून शोधले, त्याची हकीकत येथे सादर करीत आहे. गाव परदेशचे आहे; परंतु त्याचा आरंभ धान्याच्या व्यापारापासून झालेला असल्यामुळे आपणा वाचकांस ते फारसे परके वाटू नये.

धान्याचे बंदर

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात उत्तर-दक्षिण पसरलेली अकरा अरुंद सरोवरे आहेत. हाताच्या बोटांसारखी दिसतात म्हणून त्यांस 'फिंगर लेक्स' असे नाव पडले. त्यांपैकी क्युका नावाचे सरोवर मात्र सरळ नसून दोन फाटे फुटलेले, सुमारे ३२ किलोमीटर लांबीचे आहे. म्हणून पूर्वी त्यास 'वाकडे सरोवर' म्हणत. त्याच्या दक्षिण टोकास हॅमंड्सपोर्ट हे गाव वसलेले आहे. लोकवस्ती हजाराच्याही आत. लॅझरस हॅमंड या गृहस्थाने ते वसविले व त्याच्या नावापुढे 'पोर्ट', म्हणजे बंदर, हा शब्द जोडला गेला. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावास बंदर म्हणावे हे प्रथम नवलाचे वाटते. त्याचे कारण धान्यात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील गहू दक्षिणेकडील बाथ या गावी जमा होई. तेथून तो ओबडधोबड लाकडी तराफ्यांवर भरून वसंतातील पुराच्या पाण्याबरोबर नदीमार्गे थेट बाल्टिमोर शहराकडे सोडीत. तराफा परत येणे शक्य नसे. माल विकला की त्याचे लाकूडही तेथेच विकून टाकीत. वर्षातून एकदाच साधणारी आणि खडकावर आपटली तर सर्वस्व बुडविणारी ही वाट होती. सन १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला आणि न्यूयॉर्कच्या बाजारपेठेचा दरवाजा उघडला. सन १८३३ मध्ये क्युका सरोवराच्या ईशान्य टोकापासून शेजारच्या सेनेका सरोवरापर्यंत एक लहान कालवा खोदण्यात आला. लांबी अवघी तेरा किलोमीटर. पण दोन्ही सरोवरांच्या पातळीत सुमारे २७० फुटांचे अंतर. यास्तव होड्या पायरीपायरीने उतरविण्यासाठी पंचविसाहून अधिक जलद्वारे बांधावी लागली. होडी दोन दारांमधील हौदात घ्यावयाची, वरचे दार लावून पाणी खाली सोडावयाचे, पाण्याबरोबर होडी खाली उतरली की पुढचे दार उघडावयाचे, असा हा प्रकार. वेळ लागे, परंतु माल शाबूत पोहोचे. गव्हाची दिशाच बदलली. जो माल दक्षिणेस जात होता तो उत्तरेस वळला, आणि सरोवराच्या टोकावरील हॅमंड्सपोर्टच्या धक्क्यावर गाड्यांची रीघ लागली.

पण ज्या नियमाने हे बंदर वसले त्याच नियमाने ते मागे पडले. सन १८५० नंतर लोहमार्ग आसपासच्या गावांतून गेले. हिवाळ्यात कालवा गोठून बंद राही, आगगाडी चालू राही. कालव्याने सरकारास कधी नफा दिलाच नाही आणि सन १८७७ मध्ये तो बंद करण्यात आला. हॅमंड्सपोर्टच्या लोकांनी त्याच दशकात बाथपर्यंत आपला एक छोटा लोहमार्ग बांधून घेतला व सरोवरावरील आगबोटी आणि आगगाडी यांची गाठ आपल्या धक्क्यावर घालून दिली. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे उभे राहिले. त्या द्राक्षांपासून मद्य होत असे. आपल्या धर्मदृष्टीने तो व्यवसाय त्याज्य होय, परंतु गावाच्या हकीकतीतून तो वगळता येत नाही.

सायकलीच्या दुकानातून आकाशात

सन १८७८ च्या मे महिन्यात या गावी ग्लेन हॅमंड कर्टिस याचा जन्म झाला. शिक्षण बेताचे, पण हात विलक्षण. प्रथम सायकलींच्या शर्यती, मग सायकलींचे दुकान, मग सायकलीस इंजिन जोडण्याचा छंद. आपल्या आरंभीच्या इंजिनास तेल-वायू मिसळणारे यंत्र त्याने टोमॅटोच्या रिकाम्या डब्यापासून बनविले होते. त्याची इंजिने वजनाने हलकी व चालण्यास भरवशाची असत. सन १९०७ मध्ये फ्लॉरिडाच्या वाळूवर स्वतः बनविलेल्या आठ नळकांड्यांच्या मोटारसायकलीवर त्याने ताशी १३६ मैलांचा वेग गाठला.

हलक्या इंजिनाची कीर्ती दूरध्वनीचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या कानी गेली. विमान बनविण्यासाठी बेल यांनी सन १९०७ मध्ये एक मंडळ स्थापले व त्यात कर्टिस यास घेतले. या मंडळास द्रव्य पुरविले ते बेल यांच्या पत्नी मेबल यांनी. एका सुविद्य स्त्रीने स्वतःचा पैसा विद्येच्या कामी लाविला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मंडळाचे काम हॅमंड्सपोर्टला चाले. १२ मार्च १९०८ रोजी गोठलेल्या क्युका सरोवराच्या बर्फावरून त्यांचे 'रेड विंग' नावाचे पहिले विमान सुमारे शंभर मीटर उडाले. त्याच वर्षी ४ जुलै रोजी 'जून बग' या विमानातून कर्टिस याने जाहीर दिवशी, जमलेल्या लोकांसमक्ष, दीड किलोमीटरहून अधिक उड्डाण करून 'सायंटिफिक अमेरिकन' नियतकालिकाचे पारितोषिक मिळविले. राइट बंधू सन १९०३ मध्येच उडाले होते. परंतु ते आपले काम गुप्त ठेवीत. पूर्वसूचना देऊन अमेरिकन जनतेला दाखविलेले पहिले उड्डाण ते या गावचे होय.

पाणी सुटत नव्हते

कर्टिस सरोवरकाठी वाढलेला असल्यामुळे, पाण्यावर उतरणारे विमान का असू नये, हा विचार त्याच्या मनात घोळत असावा हे स्वाभाविकच होते. सपाट विस्तीर्ण मैदान तयार करण्यास पैसा लागतो. सरोवर निसर्गाने आयते सपाट करून ठेवलेले आहे. सन १९११ च्या जानेवारीत सॅन डिएगो येथे त्याने तराफ्यासारखा तळ जोडलेले विमान पाण्यावरून उडविले. पुढची पायरी म्हणजे विमानाचे अंगच होडीचे करणे.

येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. होडी वेगाने धावे, पण पाणी सोडीना. ओल्या फरशीवर सपाट काचेचा तुकडा ठेवून उचलू लागल्यास तो जसा चिकटून राहतो, तसाच हा प्रकार. तळाशी चिकटलेले पाणी होडीस खाली ओढून धरी. उपाय साधा निघाला. होडीच्या तळास मधोमध एक पायरी, म्हणजे खाच, ठेवण्यात आली. वेग वाढला की त्या खाचेत हवा शिरे, पाण्याची पकड सुटे आणि तळाचा फक्त पुढचा भाग पाण्याला टेकलेला राही. सन १९१२ च्या उन्हाळ्यात क्युका सरोवरावर कर्टिसची उडती होडी अशा रीतीने यशस्वी झाली. पुढे जगभर ज्या मोठमोठ्या उडत्या होड्या प्रवासी वाहू लागल्या, त्या सर्वांच्या तळाशी ही पायरी होती.

सन १९१४ च्या जूनमध्ये अटलांटिक महासागर ओलांडण्याच्या हेतूने बांधलेली 'अमेरिका' ही उडती होडी याच काठावर पाण्यात सोडण्यात आली. पण ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि शांततेच्या प्रवासासाठी बांधलेले ते वाहन ब्रिटिश आरमाराने विकत घेतले.

तीन धक्के

युद्धामुळे मागणी इतकी वाढली की गावात जागा पुरेना. मोठे कारखाने बफलो शहरात गेले. युद्ध संपताच गावातील विमानांचे काम थांबले. सन १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली व द्राक्षांच्या व्यवसायाचा आधार खचला. मोटारी वाढल्या तशा सरोवरावरील आगबोटीही नाहीशा झाल्या. कर्टिस सन १९३० मध्ये वारला व त्याचे दफन गावाजवळच्या स्मशानभूमीत झाले. सन १९३५ च्या जुलैत महापुराने गावाची मोठी हानी केली.

दारूबंदी सन १९३३ मध्ये उठल्यावर मद्याचे कारखाने पुन्हा चालू झाले. परंतु त्यांतील टेलर नावाचा सर्वांत मोठा कारखाना सन १९७७ मध्ये एका बड्या शीतपेय कंपनीने विकत घेतला, पुढे त्याचे मालक आणखी बदलले आणि सन १९९५ मध्ये तो बंद पडला. मालक गावचा असतो तोवर तो नुकसान सोसूनही दुकान उघडे ठेवतो. मालक दूरचा झाला म्हणजे तो केवळ ताळेबंद पाहतो. हे सत्य आपल्या पेठांनीही अनुभविले आहे.

होड्यांची कारागिरी

विमानांबरोबर या सरोवरांची दुसरी विद्या म्हणजे लाकडी होड्या बांधण्याची. फळीच्या कडेवर दुसऱ्या फळीची कडा चढवून खिळे मारावयाचे, वाफेने मऊ केलेल्या लाकडाच्या पातळ बरगड्या वाकवून आत बसवावयाच्या, अशी ही हलकी परंतु मजबूत बांधणी असे. क्युकाच्या दुसऱ्या टोकास पेन यान गावी जर्मनीतून आलेल्या एका कारागिराने सन १९२१ मध्ये काढलेला होड्यांचा कारखाना देशभर नावाजला होता. पुढे काचतंतूंच्या होड्या आल्या. त्यांना साच्यात ओतता येते, त्यांस दरवर्षी रंगरोगण करावे लागत नाही. लाकडी होड्या मागे पडल्या आणि तो कारखानाही सन २००१ मध्ये बंद झाला.

वस्तू बाजारातून गेली म्हणजे तिची विद्याही एका पिढीत जाते. ज्याच्या हाताला लाकडाची नस कळते तो वृद्ध गेला की पुस्तक वाचून ती कळत नाही. यास्तव काही होडीप्रेमी गृहस्थ सन १९९७ मध्ये एकत्र आले व त्यांनी संग्रहालयाची संस्था स्थापन केली. स्वतःची इमारत नव्हती. तरीही होड्या मिळतील तशा जमवून ठेवल्या. शंभराहून अधिक होड्यांचा हा संग्रह सन २०१४ मध्ये हॅमंड्सपोर्ट येथे, टेलरच्या त्याच बंद पडलेल्या कारखान्याच्या दगडी इमारतींत स्थिरावला. जेथे मद्याची पिंपे भरत होती तेथे मुले रंधा मारावयास शिकतात, हे वाचून आपल्या वाचकांस संतोष वाटेल.

कर्टिसचे संग्रहालय त्याही आधीचे. सन १९६० नंतरच्या दशकात ते गावातील जुन्या शाळेच्या इमारतीत सुरू झाले आणि जागा अपुरी पडू लागल्यावर सन १९९२ मध्ये मद्याच्या एका जुन्या वखारीत गेले. म्हणजे दोन्ही संस्थांनी नव्या भव्य वास्तूचा मोह टाळून पडीक वास्तूच हाती घेतल्या.

काठ पुन्हा जागा झाला तो कसा

या हकीकतीतून काही गोष्टी निवडून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, येथील वस्तू केवळ काचेआड ठेवलेल्या नाहीत. कर्टिस संग्रहालयाच्या कार्यशाळेत निवृत्त कारागीर व स्वयंसेवक जुन्या आराखड्यांवरून विमाने पुन्हा बांधतात आणि पाहुण्यांस ते काम पाहता येते. 'अमेरिका' या उडत्या होडीची त्यांनी पूर्णाकृती प्रतिकृती बांधली व सन २००८ मध्ये ती क्युका सरोवरावरून प्रत्यक्ष उडविली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे संमेलनही या सरोवरावर भरत आले आहे. चालते यंत्र पाहावयास मनुष्य दोनदा येतो. बंद यंत्र पाहावयास एकदाच.

दुसरी गोष्ट म्हणजे काठ सर्वांसाठी मोकळा राहिला. आगगाडी आणि आगबोट जेथे भेटत ते जुने लाकडी स्टेशन पाडून टाकण्यात आले नाही. ते पाण्याच्या कडेस आजही उभे आहे आणि त्याभोवती सार्वजनिक बाग आहे. गावचा चौक तेथून चालत जाण्याइतका जवळ. त्यामुळे काठावर आलेला पाहुणा चौकातील दुकानांत आपोआप पोहोचतो. हे अंतर महत्त्वाचे आहे. देवदर्शनास आलेला यात्रिक बाजारातून गेला तरच पेठ जगते. त्यास बाहेरच्या बाहेर मोटारीने नेऊन आणले तर पेठेस केवळ धूळ मिळते.

तिसरी गोष्ट पाण्याची. सरोवराभोवतीच्या घरांचे सांडपाणी जमिनीत मुरविण्याची पद्धत असल्याने ते सरोवरात झिरपण्याचे भय होते. सरोवराकाठच्या आठ स्थानिक संस्थांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन सांडपाण्याच्या टाक्यांची तपासणी व देखरेख यांचे समान नियम केले. पाणी घाण झाले तर संग्रहालय, होडी व दुकान या तिघांचाही दिवाळखोरीचा दिवस एकच, हे त्यांनी ओळखले.

सन २०१२ मध्ये 'बजेट ट्रॅव्हल' या प्रवासविषयक नियतकालिकाच्या मतदानात हॅमंड्सपोर्टला देशातील उत्कृष्ट लहान गावाचा मान मिळाला. या मानामागे निरनिराळ्या मंडळींचे सुमारे पन्नास वर्षांचे निरलस काम होते, हे सांगितले पाहिजे.

नावेची बाजू

व्यापाऱ्याने जमेबरोबर नावेची बाजूही मांडावी. पाहुण्यांवर चालणारा धंदा हंगामी असतो. कडाक्याच्या हिवाळ्यात अशा गावांत शुकशुकाट होतो. काठावरील जागांच्या किमती वाढू लागल्या की पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांस तेथे घर परवडत नाही. संग्रहालयास लागणारा खर्च केवळ प्रवेशशुल्कातून निघत नाही. देणगीदार आणि स्वयंसेवक यांच्यावाचून ते चालू शकत नाही. आणि गतवैभवाच्या स्मरणाने धान्याच्या बंदराइतकी किंवा विमानांच्या कारखान्याइतकी रोजगारी कधीच निर्माण होत नाही. म्हणून वारसा हा पेठेचा एक आधार म्हणून धरावा. तो एकुलता एक आधार समजू नये.

आपल्या भूमीवरील पाणी

आपल्या देशातही पाणी आणि विमान यांचा संबंध आलेला आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. सन १९३८ च्या सुमारास 'इंपीरियल एअरवेज' कंपनीच्या उडत्या होड्या कराचीहून कलकत्त्यास जाताना मेवाडच्या राजसमंद सरोवरावर व ग्वाल्हेरच्या माधोसागरावर उतरत असत. ग्वाल्हेरच्या आपल्या बांधवांपैकी किती जणांनी आपल्या मुलांस ही गोष्ट सांगितली असेल? राजसमंद तर आपणांस अधिकच जवळचे. महाराणा राजसिंहांनी बांधविलेल्या या सरोवराची प्रतिष्ठा सन १६७६ मध्ये झाली, त्याच्या घाटावर पंचवीस शिळांवर राजप्रशस्ती कोरलेली आहे, आणि नजीकच्या टेकडीवर महाराण्यांचे जैन मंत्री दयालशाह यांनी उभारलेले भगवान आदिनाथांचे मंदिर आहे. ज्या पाण्याकडे ते मंदिर तीन शतके पाहत आले, त्याच पाण्यावर एके काळी आकाशातून प्रवासी उतरले.

गोव्यात बोगमाळो येथे नौदलाचे वैमानिक संग्रहालय सन १९९८ पासून आहे व त्यात पाण्यावर उतरणारे 'सीलँड' जातीचे विमान जतन केलेले आहे. सन १९५३ मध्ये नौदलाच्या विमानदलाचा आरंभ याच जातीच्या विमानांनी झाला. होड्या बांधण्याची विद्याही गोव्यात जिवंत आहे. मांडवीतील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी सन २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. गोव्यातच लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून प्राचीन पद्धतीने बांधलेली 'कौंडिण्य' नौका सन २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाली. तिचा आकार अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलेला आहे.

याच्या उलट उदाहरणही घेऊ. सन २०२० च्या ऑक्टोबरात अहमदाबादेच्या साबरमतीवरून केवडियापर्यंत जलविमानाची सेवा मोठ्या समारंभाने सुरू झाली आणि सन २०२१ च्या एप्रिलात ती थांबली. यंत्र विकत आणता येते. परंतु त्याभोवती कारागीर, दुरुस्तीची सोय, नित्याचे गिऱ्हाईक व गावाचा जिव्हाळा जमावयास वेळ लागतो. हॅमंड्सपोर्टमध्ये हा जिव्हाळा आधी होता, विमान मागाहून उडाले.

आपले कर्तव्य

आपल्या समाजात नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट मानतात. या वचनामागे मोठे व्यवहारज्ञान आहे. नवी वास्तू बांधणाऱ्याचे नाव होते. जुनी वास्तू सावरणारा मात्र पूर्वजांचे नाव राखतो आणि खर्चही थोडा करतो. हाच न्याय जुन्या घाटांना, तलावांना, धक्क्यांना आणि बाजारच्या वखारींना लावण्यास हरकत काय?

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी जुन्या चोपड्या, हुंड्या, भाड्याच्या पावत्या, गलबतांच्या मालाच्या याद्या पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्यांतील काही दरवर्षी रद्दीत जातात. कोणता माल कोणत्या वाटेने, कोणत्या काठावर, कोणत्या भावाने आला हे सांगणारे तेवढेच साक्षीदार उरलेले आहेत. प्रत्येक गावच्या शाखेने एक कपाट व एक जबाबदार तरुण नेमून या चोपड्या एकत्र कराव्यात, वृद्ध हमाल, गाडीवान, तांडेल व सुतार यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, आणि आपल्या गावचा घाट वा तलाव वर्षातून एकदा सर्वांनी मिळून स्वच्छ करावा. याला फार मोठे भांडवल लागत नाही. हॅमंड्सपोर्टची दोन्ही संग्रहालये प्रथम अशाच काही माणसांच्या आस्थेतून व घरात जपलेल्या वस्तूंतून उभी राहिली.

मालाची वाट बदलणे आपल्या हाती नाही. ती ज्या काठावरून गेली तो काठ निर्मळ व सजीव राखणे मात्र आपल्या हाती आहे. येत्या वर्षात आपल्या संघाच्या निदान एका शाखेने तरी हे काम हाती घ्यावे, एवढी विनंती करून व सर्व सभासद बंधुभगिनींस सविनय जयजिनेंद्र करून हा लेख पुरा करतो.